घटस्फोट

विधिपूर्वक झालेला विवाह पतिपत्नी हयात असताना कायमचा संपुष्टात आणणे म्हणजे घटस्फोट. तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने किंवा कायद्याने मान्य केलेल्या रूढीनुसार होतो. विवाह शून्य ठरविणे आणि न्यायिक विभक्तता यांहून घटस्फोट भिन्न आहे. शून्य विवाह कायद्याच्या दृष्टीने मुळात झालेलाच नसतो. न्यायिक विभक्ततेत विवाह टिकून राहतो, केवळ सहवासाचे बंधन उरत नाही. घटस्फोटात मात्र वैध असलेले नातेच तुटते व दोन्ही पक्षांस पुन्हा विवाह करण्याची मोकळीक मिळते.

मराठीत ही कल्पना ज्या शब्दाने व्यक्त होते, त्याचा मूळ अर्थ विवाहाशी निगडित नाही. ‘घट’ म्हणजे मातीचे भांडे व ‘स्फोट’ म्हणजे फुटणे वा फोडणे. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला, म्हणजे महापातकामुळे जातिभ्रष्ट झालेल्या पण प्रायश्चित्त घेण्यास नकार देणाऱ्या माणसाला, कुळातून व जातीतून बाहेर काढण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. सपिंड व बांधव यांनी निंद्य दिवशी, सायंकाळी, ज्ञातिबांधव, ऋत्विज व गुरू यांच्या समक्ष गावाबाहेर जमावे. दासीने पाण्याने भरलेला घट, प्रेतासाठी करतात त्याप्रमाणे, पायाने लवंडून द्यावा. बांधवांनी एक अहोरात्र अशौच पाळावे, आणि त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, एकत्र बसणे, त्याला दायभाग देणे व सर्व लोकव्यवहार बंद करावा. गौतमधर्मसूत्रातील विधी याहून कठोर वाटतो. तेथे उकिरड्यावरचे भांडे आणवून दासीच्या घटातील पाण्याने ते भरतात, दक्षिणेकडे तोंड करून उपडे करतात आणि त्या माणसाचे नाव घेऊन त्याला निरुदक केल्याचे जाहीर करतात. मृताला तर्पणाचे पाणी लागते. ज्याला पाणीच तोडले, त्याला मेल्यानंतरही नातलग उरले नाहीत, असा त्यातील आशय आहे. थोडक्यात, हे जिवंत माणसाचे प्रेतकार्य होते.

या प्राचीन वर्णनांत घट फोडण्याचा नव्हे, तर लवंडण्याचा उल्लेख आहे. अंत्यविधीत खांद्यावरचे मडके फोडण्याची चाल सर्वपरिचित आहे. तिच्याशी या विधीचे असलेले साम्य लक्षात घेता ‘स्फोट’ हे उत्तरपद रूढ होणे स्वाभाविक होते. आणखी दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की हा बहिष्कार अपरिवर्तनीय नव्हता. पतिताने पुढे प्रायश्चित्त केल्यास बांधवांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे, पाण्याने भरलेला नवा घट जलात टाकावा आणि त्याला पूर्ववत घरात घ्यावे, असे मनूने सांगितले आहे. दुसरी बाब स्त्रियांविषयी आहे. पतित स्त्रीच्या बाबतीतही हाच विधी करावा, पण तिला अन्न, वस्त्र व पाणी द्यावे आणि घराच्या जवळपास राहू द्यावे, असा निर्बंध त्याच ठिकाणी आहे. घटस्फोट झाल्यावरही पोटगीची जबाबदारी संपत नाही, ही आजच्या कायद्यातील कल्पना काहीशा वेगळ्या वाटेने तेथे आलेली दिसते.

विवाहविच्छेदाचा व्यवहार मराठी समाजात नवा नव्हता. ज्या जातिजमातींत तो रूढ होता, त्यांच्याकडे त्यासाठी स्वतःचे शब्द होते व त्यांत पातकाची छटा नव्हती. ‘काडीमोड’ हा त्यांपैकी सर्वांत बोलका शब्द. पंचांसमोर गवताची काडी मोडून दोन तुकडे करावयाचे, की संबंध तुटला. मोडलेली काडी सांधत नाही, एवढाच त्यातील संकेत. मध्य भारतातील काही आदिवासी जमातींतही काडी मोडण्याची चाल आढळते. दूरच्या युरोपात फ्रँक लोकांच्या ‘सॅलिक’ कायद्यात, ज्याला आपल्या कुळाशी असलेले नाते सोडावयाचे असेल त्याने न्यायसभेत अल्डर वृक्षाच्या काड्या डोक्यावर धरून मोडाव्यात व चारी दिशांना फेकाव्यात, असे सांगितले आहे. या दोन चालींत काही ऐतिहासिक संबंध असण्याचे कारण नाही. पण लेखनाची सवय नसलेल्या समाजाला कराराची साक्ष डोळ्यांना दिसेल अशा कृतीत ठेवावी लागते, हे दोहोंवरून कळते.

‘सोडचिठ्ठी’ हा शब्द लेखी दस्तऐवजाशी निगडित आहे. नवऱ्याने किंवा पंचांनी लिहून दिलेल्या या चिठ्ठीमुळे स्त्रीला पाट लावण्यास, म्हणजे दुसरा घरोबा करण्यास, मोकळीक मिळे. पहिल्या विवाहाला ‘लग्न’ आणि त्यानंतरच्या संबंधाला ‘पाट’ किंवा ‘म्होतूर’ म्हणत. पाट हा लग्नापेक्षा कमी प्रतिष्ठेचा असला, तरी त्यापासून झालेली संतती औरस मानली जाई. मराठा अंमलात पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेत, यावरून हा व्यवहार सरकारदरबारीही मान्य होता असे दिसते. आर्थर स्टील यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचे संकलन केले व ते १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले. विवाह व पुनर्विवाह यांविषयींच्या रूढी जातीजातींगणिक किती वेगळ्या होत्या, हे त्यावरून स्पष्ट होते.

‘फारकत’ किंवा ‘फारखत’ हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आला. ‘फारिग’ म्हणजे मोकळा व ‘खत’ म्हणजे पत्र. कर्ज फिटल्याची किंवा भागीदारी संपल्याची पावती, हा त्याचा मूळ व्यवहारी अर्थ. सावकार-कुळाच्या दप्तरातील हा शब्द नवराबायकोच्या नात्याला लागला, तेव्हा त्याने हिशेब चुकता झाल्याची भावना बरोबर आणली. ‘तलाक’ याच्या मुळाशी अरबीत बंधनातून सोडणे हा अर्थ आहे. दावे सोडून मोकळ्या केलेल्या जनावरासाठीही त्याच धातूवरून झालेले शब्द योजतात. पत्नीने मोबदला देऊन मिळविलेल्या विच्छेदास ‘खुला’ म्हणतात. अंगावरील वस्त्र उतरविणे हा त्याचा मूळ अर्थ असून, पतिपत्नी ही एकमेकांची वस्त्रे होत या कुराणातील रूपकाशी त्याचा संबंध जोडला जातो. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरकारांनी ‘सूटपत्र’ हा शब्द योजला. तो अर्थाने सोडचिठ्ठीच्या फार जवळचा आहे, पण बोलीत रुजला नाही.

असे नेमके शब्द उपलब्ध असताना जातिबहिष्काराच्या विधीचे नाव विवाहविच्छेदाला कसे चिकटले, हा प्रश्न उरतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) घटस्फोटाचा संबंध जातिबहिष्काराच्या विधीशीच आहे. पांढरपेशा जातींत विवाह हा संस्कार मानला जाई व तो मोडण्याची रीत नव्हती. त्यांच्यात पत्नीशी संबंध पूर्णपणे तुटण्याचा जो एक प्रसंग संभवे, तो व्यभिचाराच्या आरोपावरून तिला जातीबाहेर काढण्याचा. तेथे घटस्फोट हा विधी होता व तो पतीच्या घरून होई. पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या याच वर्गातील लेखक-वकिलांना पाश्चात्त्य कायद्यातील कल्पनेसाठी मराठी प्रतिशब्द हवा होता. काडीमोड व सोडचिठ्ठी हे शब्द त्यांना गावंढळ वाटले असावेत. संस्कृत घडणीचा, भारदस्त व परिचित असा घटस्फोट शब्द त्यांनी उचलला. ज्यांच्यात विच्छेद नव्हता त्यांनी विच्छेदाला नाव दिले, आणि ज्यांच्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता त्यांचे शब्द बोलीत व वर्तमानपत्री आलंकारिक भाषेत उरले. पक्षाला सोडचिठ्ठी देणे किंवा युतीची काडीमोड होणे हे प्रयोग त्याचेच अवशेष होत. हिंदीतील विधिभाषेने ‘विवाह-विच्छेद’ व बंगालीने ‘विवाहविच्छेद’ असे वर्णनात्मक शब्द स्वीकारले. गुजरातीत ‘छूटाछेडा’ म्हणजे लग्नात बांधलेले पदर सोडणे. मराठीनेच तेवढा प्रेतकार्याशी नाते सांगणारा शब्द पत्करला. ‘घटस्फोटिता’ या विशेषणाला समाजात जो दोषाचा वास येत राहिला, त्याला केवळ शब्द कारणीभूत नाही हे खरे. तथापि जिच्या नावाने मडके फुटले ती, हा त्याचा मूळ अर्थ त्या दोषाला पोषकच होता.

पाश्चात्त्य भाषांतील शब्दांचा प्रवास याच्या उलट, सौम्य कल्पनांतून झाला आहे. इंग्रजी ‘डिव्होर्स’ हा फ्रेंचमार्गे लॅटिन ‘दिव्होर्तिउम’ यापासून आला. त्याच्या मुळाशी वेगळ्या दिशांना वळणे हा अर्थ असून, दोन रस्ते जेथे फुटतात ती जागा व नद्यांचा जलविभाजक यांनाही लॅटिनमध्ये तोच शब्द लावीत. रोमन लोक एका पक्षाने दुसऱ्याला सोडण्यास ‘रेपुदिउम’ हा वेगळा शब्द योजीत. ज्या उच्चकुलीन रोमन विवाहात धान्याची पोळी अर्पण करीत, तो मोडण्यासाठी ‘दिफार्रेआतिओ’ नावाचा उलटा विधी करावा लागे. ज्यू धर्मशास्त्रात पतीने ‘गेट’ नावाचे पत्र पत्नीच्या हाती दिल्याखेरीज ती पुनर्विवाहास मोकळी होत नाही. पतीने ते नाकारल्यास ती अडकून पडते. मध्ययुगीन ख्रिस्ती चर्चने विवाह अभेद्य मानला आणि शय्या व भोजन यांपुरती विभक्तता तेवढी मान्य केली. इंग्लंडमध्ये सामान्य न्यायालयामार्फत खरा विच्छेद १८५७ च्या कायद्याने शक्य झाला.

प्राचीन भारतात विवाहविच्छेद अज्ञात होता, हे विधान सरसकट खरे नाही. स्मृतिकारांनी ‘त्याग’ व ‘अधिवेदन’ यांना परवानगी दिली आहे. अधिवेदन म्हणजे पहिली पत्नी असताना दुसरी करणे. त्यासाठी पहिलीला ‘आधिवेदनिक’ धन द्यावे लागे. या दोहोंत पतीची सोय होते, पण पत्नीचा विवाह कायमच राहतो. कौटिलीय अर्थशास्त्रात मात्र ‘मोक्ष’ या नावाने खरा विच्छेद आला आहे. एका पक्षाची इच्छा नसल्यास दुसऱ्याला सुटका नाही, परस्परांचा द्वेष असेल तर मोक्ष मिळतो, असा त्याचा नियम असून, धन परत करावयाचे की नाही हे दोष कोणाचा यावर ठरविले आहे. मात्र ब्राह्म, दैव, आर्ष व प्राजापत्य या चार धर्म्य विवाहांना मोक्ष नाही, असेही कौटिल्याने लगेच बजावले आहे. नारद व पराशर यांनी पती बेपत्ता, मृत, संन्यासी, क्लीब किंवा पतित झाल्यास, अशा पाच आपत्तींत, स्त्रीला अन्य पती करण्याची मुभा दिली. यांतील ‘पतित’ या कारणाशी मूळ घटस्फोटविधी येऊन मिळतो : ज्याच्या नावाने घट लवंडला गेला, त्याची पत्नी निदान या दोन स्मृतींनुसार बद्ध राहत नाही. माधवाचार्यांसारख्या मध्ययुगीन भाष्यकारांनी हे वचन अन्य युगासाठी आहे असे ठरवून ती वाट बंद केली. एकोणिसाव्या शतकात विधवाविवाहाच्या वादात ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी पराशराच्या याच वचनाचा आधार घेतला.

ब्रिटिश अंमलात या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. ख्रिस्ती धर्मीयांसाठी १८६९ चा व पारशांसाठी १८६५ चा (पुढे १९३६ चा) कायदा झाला. १८६९ च्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग यांसारखे दुसरे कारण सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली. हिंदूंच्या बाबतीत न्यायालयांनी ग्रंथांतील धर्मशास्त्राला प्रमाण मानण्याकडे कल ठेवला व त्याचा फटका रूढीने चालणाऱ्या जातींना बसला. जातीला विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पती हयात असताना स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये दिला. पंचांसमोर काडी मोडून झालेला पाट अशा रीतीने गुन्हा ठरू शकला. ज्या स्त्रियांना रूढीने सुटकेचा मार्ग होता, त्यांना तो सुधारलेल्या म्हणविणाऱ्या न्यायव्यवस्थेत गमवावा लागला, ही गोष्ट सामाजिक सुधारणेच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

ज्यांना रूढीचाही आधार नव्हता त्यांची स्थिती रखमाबाईंच्या खटल्यात दिसून आली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदण्यास नकार दिला. पतीचा दावा १८८५ मध्ये फेटाळला गेला. अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये त्यांना पतीकडे जावे अथवा सहा महिने कैद भोगावी असा आदेश झाला. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंना घटस्फोट मिळाला असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. खटला वैवाहिक हक्कांच्या प्रत्यास्थापनेचा होता. घटस्फोट मागण्याची तरतूदच त्या वेळच्या हिंदू कायद्यात नव्हती.

ही तरतूद प्रथम संस्थानी मुलखात आली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक व १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला; १९४९ मध्ये मद्रासने तेच पाऊल उचलले. हिंदू संहितेवरील वादळी चर्चेनंतर १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह अधिनियम अमलात आला. त्यातील कारणांच्या यादीत बेपत्ता होणे, संन्यास घेणे व धर्मांतर करणे ही कारणे वाचताना नारदाची पाच आपत्तींची यादी आठवल्यावाचून राहत नाही. क्रौर्य व परित्याग ही घटस्फोटाची कारणे म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने आली आणि परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोयही त्याच वेळी झाली. महारोग हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. संमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. संसार सावरण्यापलीकडे मोडला आहे, या कारणावरून आपल्या विशेष घटनात्मक अधिकारात घटस्फोट देता येतो, हे त्याने २०२३ मध्ये स्पष्ट केले. कनिष्ठ न्यायालयांना तो अधिकार नाही.

मुस्लिम स्त्रियांना न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क १९३९ च्या कायद्याने निश्चित झाला. एकतर्फी तोंडी तलाकाविरुद्ध महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. एकाच वेळी तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अवैध ठरविला व २०१९ मध्ये संसदेने तो दंडनीय केला. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोटविषयक हुकूम लागू झाला व मुक्तीनंतरही तेथील कौटुंबिक कायदा तसाच राहिला. त्यामुळे तेथील हिंदूंना परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय उर्वरित भारताच्या कितीतरी आधी उपलब्ध होती.

१९५५ च्या अधिनियमाने जुन्या काडीमोडीला पूर्णपणे हद्दपार केले नाही. त्याच्या कलम २९ (२) अन्वये रूढीने मिळणारा विवाहविच्छेदाचा हक्क अबाधित आहे. तथापि ती रूढी त्या विशिष्ट जातीत प्राचीन काळापासून अखंड व निश्चित स्वरूपात चालत आली आहे आणि ती लोकनीतीविरुद्ध नाही, हे पुराव्याने दाखवावे लागते. रूढीवर आधारलेला घटस्फोट कायद्याला अपवाद असल्याने तो मांडून सिद्ध केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. अशी रूढी नसलेल्या जातींतही मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून, ती नोटरीकडून साक्षांकित करून घेण्याचा प्रकार आढळतो. अशा कागदाने विवाह तुटत नाही. त्याच्या भरवशावर दुसरा विवाह केल्यास तो शून्य ठरतो, करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यास पात्र होतो, आणि दुसऱ्या विवाहातील स्त्रीला पत्नी म्हणून वारसा मिळत नाही. अशा संबंधातील अपत्ये मात्र कायद्याने औरस मानली जातात. याउलट पतीने टाकलेल्या, पण विवाह न तुटलेल्या स्त्रीला मराठीत ‘परित्यक्ता’ म्हणतात. तिची गणना घटस्फोटितेत होत नाही, पोटगी मिळविण्यासाठी तिला न्यायालयात जावे लागते, आणि पुनर्विवाहाची मोकळीक तर तिला नसतेच. स्मृतिकारांचा ‘त्याग’ आणि कौटिल्याचा ‘मोक्ष’ यांतील भेद तिच्या बाबतीत अजून तसाच लागू पडतो.